दुबईत उणे अठरा अंश

गाडीची बॅटरी बदलायची तर सर्वांत मोठ्या आकड्याची घ्यावी, असे एक मत दुबई-शारजातल्या मराठी घरांत सध्या जोरात आहे. मत मांडणारे गृहस्थ सुशिक्षित आहेत, आखातात मुरलेले आहेत आणि त्यांचा आवाजही खणखणीत आहे. त्यामुळे वाढदिवस असो, हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, कुणाची तरी गाडी सेल्फ घेईना असा विषय निघाला की निकाल त्यांच्याच बाजूने लागतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी कुटुंबाची आहे, सात सीटची एसयूव्ही आहे, मागे मुले आणि भारतातून आलेले आई-वडील बसतात. तेव्हा बॅटरीत काटकसर नको. लेबलावर सीसीए म्हणून एक आकडा असतो, तो जितका मोठा तितकी बॅटरी ताकदवान. अँपिअर-अवरही गाडीच्या पुस्तकात लिहिले आहेत त्याहून चढे घ्यावेत. बॅटरी एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली) असावी, युरोपात बनलेली असावी आणि एजन्सीतच बसवून घ्यावी. एवढे केले की पाच वर्षे बोनेट उघडायला नको. आणि जो याहून स्वस्त बॅटरी घेतो, तो चार दिरहमांसाठी स्वतःच्या मुलांची सुरक्षितता विकतो.

माझे डोके फिरले ते या शेवटच्या वाक्याने. बाकीचे अज्ञान म्हणून सोडून देता आले असते. पण महिन्याचे भाडे, शाळेची फी आणि गावाकडचा हप्ता सांभाळून गाडी चालवणाऱ्या माणसाला, तू बाप म्हणून कमी पडलास असे बॅटरीच्या निमित्ताने सुनावायचे आणि ज्या आकड्याच्या जोरावर सुनावायचे त्या आकड्याचा अर्थ स्वतःलाच ठाऊक नसायचा, हे जरा अति झाले.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. ऑगस्टच्या दुपारी एमिरेट्स रोडच्या कडेला बंद पडलेली गाडी, बंद पडलेला एसी आणि मागे दोन लहान मुले, ही गंमत नव्हे. बॅटरीचा प्रश्न इथे गंभीर आहे. गंभीर आहे म्हणूनच त्याचे उत्तर खरे असायला हवे.

तर आता सीसीए. हा आकडा म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याची क्षमता. अमेरिकी पद्धतीत तो असा काढतात: पूर्ण चार्ज केलेली बॅटरी शून्य फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत गार करायची. मग तिच्यातून सलग ३० सेकंद प्रवाह ओढायचा आणि बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाऊ न देता किती अँपिअर मिळतात ते पाहायचे. हे मोजमाप ज्यांच्यासाठी निघाले त्यांची गरज खरी होती. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारून गाडी सुरू करण्याचे दिवस सरले. पण मिनेसोटात किंवा मॅनिटोबात जानेवारीच्या पहाटे इंजिनातले ऑइल काकवीसारखे घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद निम्म्यावर येते. इंजिनाला जोर जास्त हवा आणि बॅटरीकडे तो कमी, अशी दुहेरी कोंडी. तिथे सीसीए पाहूनच बॅटरी घ्यावी. मी मिनेसोटात असतो तर मीही तेच केले असते.

पण आपण राहतो कुठे? संयुक्त अरब अमिरातीत कडाक्याची थंडी पाहायची तर रास अल खैमातल्या जेबेल जैसवर जावे लागते. हा डोंगर १९०० मीटरच्या वर आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथे बर्फ पडले आणि पारा शून्याखाली दोन अंशांवर गेला, तर देशभर बातमी झाली. मॉल ऑफ द एमिरेट्समधले स्की दुबई २००५ पासून बर्फ राखून आहे, पण तिथेही मुलांना जाकीट घालून खेळता येईल इतपतच, शून्याच्या आसपास. उणे १८ तिथेही नाही. असते तरी प्राडो आत सोडत नाहीत. म्हणजे आमचे गृहस्थ ज्या परीक्षेचे गुण पाहून बॅटरी निवडतात, ती परीक्षा या देशातल्या एकाही गाडीला आयुष्यात कधी द्यावी लागणार नाही. मे २०२५ मध्ये अल ऐनजवळच्या स्वैहानला ५१.६ अंश तापमान नोंदले गेले, ही इथली परीक्षा. आणि बॅटरीच्या लेबलावर या परीक्षेचे गुण छापलेले नसतात.

नुसता निरुपयोगी आकडा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. निरुपयोगी गोष्टी आपण हौसेने घेतोच. पण इथे मोठा सीसीए अपायकारक ठरू शकतो, आणि ते समजायला बॅटरीच्या पोटात डोकावावे लागते. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. एकेका कप्प्याचे दोन व्होल्टच्या वर थोडेसे, मिळून पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६ व्होल्ट. बाहेरचा डबा ठरलेल्या मापाचा असतो. जपानी पद्धतीत ८०डी२६एल असे लिहिलेले असेल तर त्यातले २६ म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. डबा मोठा करता येत नाही, कारण गाडीतला ट्रे तेवढाच असतो. मग त्याच डब्यातून जास्त सीसीए काढायचा कसा? पट्ट्या पातळ करायच्या आणि जास्त भरायच्या. पृष्ठभाग वाढतो, क्षणभर मिळणारा प्रवाह वाढतो, लेबलावर घसघशीत आकडा छापता येतो.

उष्णतेत बॅटरी मरते ती या पट्ट्यांमुळेच. धन पट्टीच्या आतली शिशाची जाळी आम्लात हळूहळू गंजत असते, आणि तापमान वाढले की गंजण्याचा वेग वाढतो. दर दहा अंशांना क्रियेचा वेग सुमारे दुप्पट, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापमान आणि वेग यांचे जे नाते मांडले, त्यावरून तो निघतो. २५ अंशांत पाच वर्षे टिकणारी बॅटरी सतत ३५ अंशांत ठेवली तर अडीच वर्षांवर येते, आणि ४५ अंशांत सव्वा वर्षावर. त्यात शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर संध्याकाळी साडेसहाला शारजाच्या दिशेने उभे राहा. गाडी रांगते आहे, वारा लागत नाही, एसी पूर्ण, रेडिएटरचा पंखा गरम हवा बोनेटखाली ढकलतो आहे. तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी चढते, सत्तरी सहज गाठते. आम्लातले पाणी उडते, जाळी गंजते. जाड जाळी गंजायला वेळ लागतो, पातळ आधी तुटते. म्हणूनच अमेरिकेतही काही बॅटऱ्या उत्तरेकडच्या थंड आणि दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांसाठी वेगवेगळ्या बनवून विकल्या गेल्या, आणि दक्षिणेकडच्या बॅटरीचा सीसीए कमी ठेवला गेला. प्रत्येक मोठ्या आकड्याची बॅटरी पातळ पट्ट्यांचीच असते असे मी म्हणत नाही. पण एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या समोर असतील, एकीचा सीसीए बराच जास्त आणि वजन मात्र कमी असेल, तर तो आकडा कुठून आला असेल याचा विचार करावा. शिसे जड असते, ते वजनात लपत नाही.

साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन इथल्या हवेत सुरू व्हायला क्षणभर दोनशे-अडीचशे अँपिअर पुरतात. पाचशे-साडेपाचशे सीसीएची बॅटरी ते हसत देते. त्याहून मोठ्या आकड्याच्या बॅटरीतले वरचे तीनशे कोणत्या हिमवादळासाठी राखून ठेवायचे?

शिवाय लेबलावरचा तो आकडा खरोखर सीसीएच आहे का, हेही आमचे गृहस्थ पाहत नाहीत. शून्य अंश सेल्सिअसला मोजलेला सीए नावाचा वेगळा आकडा असतो, तोच प्रवाह पण सोप्या परीक्षेत, म्हणून तो साहजिकच मोठा. २७ अंशांना मोजलेला एचसीए त्याहून मोठा. युरोपची मोजण्याची पद्धत वेगळी, जपानची वेगळी. एकाच बॅटरीवर चार आकडे छापता येतात, आणि विकणारा त्यातला कोणता ठळक करेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मोठ्या आकड्याची ही भक्ती जुनी आहे. पेट्रोलच्या बाबतीतही मी हाच वाद घातला होता आणि तेव्हाही मला कंजूष ठरवले गेले. इथल्या पंपावर ई-प्लस ९१, स्पेशल ९५ आणि सुपर ९८ असे तीन आकडे असतात. टाकीच्या झाकणाच्या आत ९१ किंवा ९५ चालेल असे छापलेले असताना गृहस्थ ९८ भरतात, कारण त्यांच्या मते इंजिनाला 'चांगले' मिळते. ऑक्टेनचा आकडा म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता. ज्या इंजिनाला ९५ पुरते त्याला ९८ ने हत्तीचे बळ येत नाही. पण ९८ हे ९५ पेक्षा मोठे आहे, एवढा पुरावा त्यांना पुरला. ऑगस्ट २०१५ पासून इथे दर महिन्याला पेट्रोलचे भाव बदलतात, आणि दर महिन्याला तेच त्या भाववाढीवर सर्वांत जास्त चिडतात.

गंमत पुढे आहे. गाडी विकत घेताना हेच गृहस्थ 'जीसीसी स्पेक', म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेली, सोडून दुसऱ्या गाडीकडे पाहत नाहीत. अमेरिकेतून आलेली गाडी स्वस्त मिळाली तरी नको, का? तर ती थंड देशासाठी बनवलेली, तिचा रेडिएटर आणि एसी इथल्या उन्हाला कमी पडेल. अगदी बरोबर. मी त्या वादात त्यांच्याच बाजूने होतो. मग उन्हासाठी बनवलेली गाडी हट्टाने घेणारा माणूस तिच्यात थंडीच्या परीक्षेत पहिली आलेली बॅटरी का बसवतो? टायरचेही तसेच. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड इथे शाळकरी पोरालाही वाचता येतो. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुने टायर पासिंगला अडतात, म्हणून दुकानदाराने जुना माल गळ्यात मारू नये यासाठी गृहस्थ मोबाइलची बत्ती लावून तो कोड तपासतात. बॅटरीवरची तारीख मात्र त्यांनी एकदाही पाहिल्याचे मला आठवत नाही. टायर गोदामात पडून जितका खराब होतो, त्याच्या कितीतरी आधी बॅटरी होते.

आणखी एक जुने भांडण यात उगाच मिसळले जाते, ते इन्व्हर्टरचे. महाराष्ट्रात २००५ च्या आसपास भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर पोचले. तेव्हापासून प्रत्येक मराठी कर्त्या पुरुषाला आपण बॅटरीतज्ज्ञ झालो असे वाटते. डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन गॅलरीत बसलेले काका आठवून इथे सल्ले दिले जातात. जास्त अँपिअर-अवर म्हणजे जास्त चांगली, हा विचार तिकडूनच आला. इन्व्हर्टरची बॅटरी पंखा आणि दोन ट्यूबलाइट तासन्‌तास चालवते, त्यासाठी तिच्या पट्ट्या जाड आणि संथ. गाडीची बॅटरी दोन-तीन सेकंद जीव ओतते आणि मग अल्टरनेटर तिची भरपाई करतो. कामे वेगळी, बांधणी वेगळी. काकांचा अनुभव खरा, पण तो गॅलरीतच बरा.

उरलेले मुद्दे झटपट. चढे अँपिअर-अवर: ट्रेमध्ये नीट बसत असेल आणि वरची पट्टी घट्ट आवळता येत असेल तर थोडे जास्त चालतात, नाहीतर हलणारी बॅटरी हादऱ्यांनीच मरते. एजीएम: सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू होणारी गाडी असेल आणि मुळात एजीएम किंवा ईएफबी (साध्या बॅटरीचा सुधारित प्रकार) आलेली असेल, तर तीच बसवा, तिथे स्वस्त करू नका. पण साध्या गाडीत, इंजिनाशेजारी भाजणाऱ्या जागेत, जवळपास दुप्पट पैसे मोजून एजीएम बसवण्यात फायदा काय? तिच्यात आम्ल आधीच मोजके असते आणि उडालेले पाणी परत भरता येत नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, तिची गोष्ट वेगळी. युरोपात बनलेली: शिशाला पासपोर्ट नसतो, पण जहाजाचा प्रवास आणि गोदामातला उन्हाळा असतो. एजन्सी: वॉरंटीतली नवी गाडी असेल तर जरूर जा. बाकी मुसाफा, अल कूज किंवा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातला बॅटरीवाला तीच बॅटरी तुमच्या बिल्डिंगखाली येऊन बसवून देतो. पाच वर्षे: इथे दोन वर्षे निघाली तर आनंद मानावा, तीन निघाली तर पेढे वाटावेत.

मग घ्यावी तरी कोणती, असे विचाराल. माझे उत्तर ऐकायला फिके आहे. गाडीच्या पुस्तकात जे माप, जो प्रकार आणि टर्मिनलची जी बाजू लिहिली आहे तीच. एल आणि आर यांत गल्लत झाली तर केबल पोचत नाही, किंवा ओढून पोचवली जाते, आणि ते जास्त वाईट. सीसीए पुस्तकातला किंवा त्याच्या आसपासचा. तेवढ्या चौकटीत जी सर्वांत ताजी असेल ती. तारीख काहींवर सरळ महिना-वर्ष छापलेली असते, काहींवर महिन्यासाठी अक्षर आणि वर्षासाठी आकडा कोरलेला असतो. दुकानदाराला तो कोड वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांपलीकडची असेल तर हात जोडा. इथल्या गोदामात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उतरलेल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती चार्ज करूनही पूर्ण भरत नाही. बसवण्याआधी मीटर लावायला सांगा. १२.४ च्या खाली दाखवत असेल तर दुसरी आणायला लावा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या, बारा महिन्यांची की अठरा, हे तोंडी नको. मूळ बॅटरीभोवती उष्णतेपासून बचावाचे वेष्टण असेल तर ते मेकॅनिक कचऱ्यात टाकणार नाही इकडे लक्ष ठेवा, इथे त्याची किंमत लेबलावरच्या तीनशे सीसीएपेक्षा जास्त आहे. आणि अल्टरनेटर तपासून घ्या. तो नीट चार्ज करत नसेल तर दोष नसलेली बॅटरी बदलून तुम्ही घरी येता आणि महिन्याने पुन्हा तिथेच उभे राहता.

मराठी कुटुंबांचा खास प्रश्न मात्र उन्हाळी सुट्टीचा आहे, आणि त्यावर मोठ्या बॅटरीवाल्यांकडे उत्तरच नाही. जुलैत शाळा बंद झाल्या की बायको-मुले पुण्या-मुंबईला, मागोमाग साहेबही, आणि गाडी बेसमेंटमध्ये दीड महिना उभी. उभ्या गाडीतही अलार्म, कुलूप, संगणक थोडी वीज पीत असतात. ती ५० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ४५ दिवसांत ५४. सत्तरची बॅटरी जवळपास रिकामी. आता सत्तरऐवजी ऐंशीची बसवली, तर त्या वाढीव दहाने किती दिवस मिळाले? आठ. त्याऐवजी निघण्याआधी दहा नंबरच्या पान्याने ऋण टर्मिनलची केबल सोडवून ठेवली तर गाडीकडून होणारी ही गळती थांबते. बेसमेंटमध्ये चार्जर लावायला प्लग नसतो, पण पाना खिशात मावतो. बॅटरी डिकीत असलेल्या किंवा कुलपे विजेवर चालणाऱ्या गाडीत आधी पुस्तक पाहा, नाहीतर डिकी उघडायला वीज लागेल आणि वीज डिकीत असेल. एखादा मित्र पंधरवड्याने येऊन अर्धा तास गाडी फिरवून आणत असेल तर त्याहून चांगले. येताना त्याला आंबा बर्फी आणा.

आणखी एक. थंड हवेत बॅटरी आजारी पडली की आधी सांगते, सेल्फ जड फिरतो, दिवे मंद होतात. उन्हात तशी सूचना बऱ्याचदा मिळत नाही, कारण गरम बॅटरी शेवटपर्यंत जोरात प्रवाह देते आणि आतली जाळी तुटली की एका सकाळी नुसता टिकटिक आवाज येतो. म्हणून 'काल तर चालू होती' हा बचाव इथे कामाचा नाही. बॅटरी दोन वर्षांची झाली असेल तर तिकिटे काढण्याच्या सुमारास, जूनमध्येच, ती तपासून घ्या आणि कमजोर निघाली तर तेव्हाच बदला. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न तारखेचा विचारा, दुसरा मापाचा, तिसरा वॉरंटीचा. सीसीए दुकानदार न विचारताही सांगतो.